उस्ताद दोनदा मेला

आमच्या घराखाली पिठाची गिरणी होती आणि रविवारी ती सगळ्यात जास्त चालायची. विश्रांतवाडीतली आमची गल्ली नोकरदारांची. आठवडाभराची दळणं घेऊन माणसं रविवारीच उगवायची. सकाळी पट्टा फिरायला लागला की बैठकीची फरशी तळपायांना बारीक गुदगुल्या करायची, मांडणीवरचे स्टीलचे डबे एकमेकांना टेकून कुजबुजायचे आणि टेबलावर ठेवलेली वस्तू आपल्या आपण इंच-दीड इंच सरकून बसायची. गिरणीला लागूनच मसाल्याचा डंका होता. तिखट कुटायला आलं की आई 'खिडक्या!' एवढंच ओरडायची आणि घरात जे कुणी असेल ते धावायचं. वरून विमानतळाची विमानं. लढाऊ विमान गेलं की सगळ्यांनी आपापलं वाक्य तोंडातच धरून ठेवायचं आणि आवाज ओसरला की पुढे बोलायचं, ही आमच्याकडची रीत. पाहुण्यांना वाटायचं, या घरातली माणसं फार विचार करून बोलतात.

बाबा रविवारी सकाळीच लोणी काळभोरला काकांच्या शेतावर जायचे ते संध्याकाळी पिशवीभर मेथी घेऊन परतायचे. त्यामुळे बैठक आम्हाला मोकळी मिळायची. आम्ही म्हणजे चौघं: मी, माझी कॉलेजातली मैत्रीण यास्मिन, वर्गातलाच पराग आणि आमच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, खराडीला नोकरी करणारा निषाद. आम्ही एक खेळ खेळायचो. आजच्या वाचकाला तो ठाऊक असेलही, पण आईला समजावताना मी जसा सांगितला होता तसाच सांगते. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. गोष्ट सांगणारा म्हणतो, 'पुढे नदी आहे'. आपण म्हणायचं, 'मी पोहून जाते.' जमेल की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमच्या पात्रांचे कागद असत, त्यावर प्रत्येकाचे 'प्राण' लिहिलेले. लढाईत मार बसला की प्राण कमी होतात, किती ते दुसरा फासा सांगतो. शून्यावर आले की पात्र पडतं. पडल्यावर कुणी तातडीने औषध दिलं तर उठतं. नाही दिलं तर फाशावर हवाला. तो दहाच्या खाली तीनदा पडला, किंवा पडलेल्या पात्रावर पुन्हा घाव बसला, की गेलं. गेलं म्हणजे कायमचं. कागद फाडायचा आणि दुसरं माणूस रचायला बसायचं.

"म्हणजे चार घोडे एवढे मोठे होऊन घर-घर खेळतात," आई म्हणाली होती. पण तिने खेळ कधी मोडला नाही. गिरणीच्या थरथरीने फासा टेबलावर उलटतो हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनेच एक जुनं पितळी ताट काढून दिलं, त्यात फडकं अंथरून. फासा टाकायचा तो त्या ताटात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. निषादचे फासे मात्र त्याच्यापुढच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे पडायचे. गोष्ट सांगणाऱ्याचा तो हक्कच असतो. पुढे काय दडलंय ते बाकीच्यांना दिसू नये म्हणून. जेवायच्या वेळी आई बाहेर येऊन विचारायची, "आज कोण मेलं?" आणि आम्ही सांगायचो. ती म्हणायची, "बरं झालं, एक पान कमी," आणि चौघांनाही वाढायची.

आमचे हात रिकामे दिसलेले तिला खपायचे नाहीत. ती मोड आलेल्या वालांचं पातेलं मधोमध आणून ठेवायची आणि आम्ही राक्षसांशी लढता लढता वाल सोलायचो. कोमट पाण्यातला वाल दोन बोटांत दाबला की सालातून सुळकन निसटतो. परागचे अर्धे सोफ्याखाली जायचे. दुपारी त्याच डाळिंब्यांची उसळ, ओलं खोबरं पेरलेली, आणि गरम भात. मी हे एवढं लिहिते आहे आणि माझ्या घशाशी येतं आहे. गेल्या कित्येक वर्षांत मी डाळिंब्या खाल्लेल्या नाहीत. सून प्रेमाने करते, तिला मी पित्ताचं कारण सांगते.

निषादचा आवाज फार सुंदर होता. खालच्या पट्टीतला, न घाईचा. तो 'दार उघडतं' म्हणायचा तेव्हा आम्ही खरोखर दाराकडे बघायचो. त्याच्या गोष्टीत कुणाला फुकट अभय नसे, आणि याचा त्याला अभिमान होता. "माझ्या टेबलावर फासा सांगेल तेच होतं. मी कुणाला वाचवत नाही आणि कुणाला मारत नाही," हे तो प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा. पुण्यात तेव्हा असा खेळ खेळणाऱ्यांची आठ-दहा टोळकी असतील, त्यांत त्याचं नाव या एका गोष्टीसाठी होतं. भज्यांची तेलकट बोटं तो गादीच्या कडेला पुसायचा, बोलताना ओठाच्या कोपऱ्यात पांढरा फेस साचायचा आणि दुसऱ्याचं पात्र मरताना तो डोळे अर्धे मिटून घ्यायचा, एखादा गोड घास जिभेवर घोळवावा तसा. हे मला त्या वेळी दिसत होतं का? दिसत असलं पाहिजे, नाहीतर आज आठवलं नसतं. पण त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मी त्याच्या शेजारची खुर्ची धरून बसायची. मी एकोणीस वर्षांची होते आणि तो दर शनिवारी मला फोन करून विचारायचा, "केतकी, उद्या काय केलं तर सगळे हादरतील?" हे तो फक्त मला विचारायचा, याचं मला केवढं अप्रूप.

यास्मिनच्या अब्बांचं नाना पेठेत शिवणकामाचं दुकान होतं. लग्नातल्या बँडवाल्यांचे गणवेश शिवायचे ते. लाल कोट, सोनेरी गोंडे, खांद्यावर झालरी. सगळे त्यांना मास्टर म्हणत. ओठांत चार-पाच टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांचं हसणंसुद्धा तोंड न उघडता असायचं. मी गेले की ते टाचण्यांआडून म्हणायचे, "केतकीबेटा, तुझा खांदा डावीकडे उतरतोय. दप्तर बदल." ते आजारी पडले ते एकदम, आणि तीन आठवडे दवाखान्यात होते. आई एक दिवसाआड तिथे डबा घेऊन जायची. यास्मिनच्या अम्मीला बसवून खायला घालायची आणि तेवढा वेळ स्वतः मास्टरांच्या उशाशी बसायची. मी दोनदाच गेले. मला त्या वासाची भीती वाटायची.

ते गेल्यावर आठवडाभराने यास्मिन त्यांच्या दुकानामागच्या जिन्यात माझ्याजवळ बसली आणि तिने शेवटच्या दोन दिवसांचं सगळं मला सांगितलं. अम्मीलाही माहीत नसलेलं. त्यांची शुद्ध हरपली होती, पण बोटं चालू होती. चादरीची कड चिमटीत धरून ते तुरपाई घालत होते. सुई नाही, दोरा नाही, हवेतच टाके. मध्येच दोरा दातांनी तोडायचे. मग ओठ घट्ट मिटून घ्यायचे, टाचण्या धरल्यासारखे, आणि नर्सला तोंडात औषध घालता यायचं नाही. शेवटी तोंडातून काळं पाणी आलं तेव्हा त्यांनी ते हाताने झाकायचा प्रयत्न केला, कापडावर डाग पडू नये म्हणून. "डाग पडेल, डाग पडेल, एवढंच म्हणत होते," यास्मिन म्हणाली. मग तिने माझ्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. "हे कुणाला सांगू नकोस," असं ती म्हणाली नाही. सांगू नये, हे सांगावं लागतं का?

चाळिसावा झाल्यावर ती पुन्हा रविवारी यायला लागली. तिने नवं पात्र आणलं होतं. म्हातारा ढालकरी, जरासा लंगडा. लढाई संपली की सगळ्यांची फाटकी चिलखतं सांधत बसणारा. त्याचं नाव तिने नुसतं 'उस्ताद' ठेवलं होतं. त्याच्या तोंडचं बोलताना ती ओठ मिटून बोलायची. पहिल्या दिवशी ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला आणि पातेल्यात आणखी वाल घालायला आलेली आई तिथेच थबकली. परागला काही कळलं नाही. तो म्हणाला, "भारी आवाज काढतेस गं!" त्या आठवड्यापासून यास्मिन पुन्हा जेवायला लागली. उस्ताद पुढे उभा राहायचा, सगळ्यांचा मार ढालीवर घ्यायचा, माझी वैद्यीण मागून औषध द्यायची, आणि यास्मिन प्रत्येक वेळी फासा ताटात टाकण्याआधी मुठीत धरून काहीतरी पुटपुटायची. सात रविवार तो जगला.

निषादचा फोन आला तो सहाव्या रविवारनंतर. "यास्मिन अजून मोकळी झालेली नाही," तो म्हणाला. "आतल्या आत धरून बसली आहे. हा खेळ माणसाला मोकळं करू शकतो, केतकी. पण मला नीट माहीत हवं. तिच्या वडलांचं शेवटी नक्की काय झालं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. चादर, टाके, टाचण्या, डाग. गच्चीत उभी राहून, आवाज मुद्दाम हळू करून. सांगताना माझा गळा दाटून आला होता आणि तो दाटलेला गळा पलीकडे ऐकू जातोय याचं मला बरं वाटत होतं. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली. तो म्हणाला, "थँक यू. तू फार संवेदनशील आहेस." शनिवारी संध्याकाळी त्याचा मेसेज आला: 'उद्या उस्ताद पडला तर तुझं औषध देऊ नकोस. विश्वास ठेव माझ्यावर.' मी अंगठा पाठवला.

तो रविवार मिरचीचा होता. खिडक्या बंद, पंखा फुल, सगळ्यांचे डोळे चुरचुरणारे. निषादने नेहमीप्रमाणे फोन मधोमध ठेवून आवाज टिपायला लावला. सगळे खेळ तो टिपून ठेवायचा. गोष्टीत आम्ही एका पडक्या कोठाराच्या तळघरात उतरलो होतो आणि तिथे गुडघाभर गाळात एक जनावर होतं, आंधळं, वासावर येणारं. परागचा तिरंदाज मागे जिन्यावर, माझी वैद्यीण भिंतीला चिकटून, आणि पुढे उस्ताद, ढाल रोवून. लढाई तासभर चालली. असली चुरस मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती आणि नंतरही नाही. परागचे तीन बाण वाया गेले. जनावराने ढाल चिरली. यास्मिनने फासा टाकला, ताटात तो गरगरत राहिला, गिरणी खाली घुमत होती, आणि चौघंही उठून उभे राहून त्या एका ठोकळ्याकडे बघत होतो. सतरा! पराग ओरडला. उस्तादचा घाव लागला. जनावर मागे सरलं. उस्तादचे प्राण उरले होते सहा.

"आता ते उलटतं," निषाद म्हणाला. उस्तादला घाव लागायला पंधरा किंवा वर हवे होते. त्याने आडोशामागे फासा टाकला. मी त्याच्या शेजारी होते. फासा दुमडलेल्या रुमालावर पडला, आवाज न करता, आणि मला तो स्पष्ट दिसला. चार.

"एकोणीस," निषाद म्हणाला.

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी बोलणार नाही याची त्याला एवढी खात्री होती. उस्ताद गाळात पडला. पुढची पाळी माझी होती. औषधाची कुपी माझ्या कागदावर लिहिलेली होती, उस्ताद दोन पावलांवर होता, आणि यास्मिन माझ्याकडे बघून म्हणाली, "केतकी, दे ना लवकर." अगदी सहज. पाणी मागावं तसं. मी म्हटलं, "मी आधी जनावरावर वार करते." पराग चक्रावून म्हणाला, "अगं येडी का तू?" यास्मिनच्या हातात एक वाल होता, अर्धा सोललेला, तो तिने पातेल्यात परत टाकला.

मग निषादने जनावराचा दुसरा घाव घातला आणि आवाज खाली आणला. "उस्ताद आता काही ऐकत नाही," तो म्हणाला. "पण त्याची बोटं चालू आहेत. गाळातून तरंगत आलेल्या गोणपाटाची कड त्याने चिमटीत धरली आहे. तो टाके घालतोय. सुई नाही. दोरा नाही. दातांनी तो नसलेला दोरा तोडतो..." मी यास्मिनकडे बघत होते. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग तोंड उघडं पडलं. निषाद थांबला नाही. त्याने ओठ मिटलेले सांगितले. काळं पाणी सांगितलं. आणि शेवटी, डोळे अर्धे मिटून, तो यास्मिनच्याच उस्तादच्या आवाजात, मिटल्या ओठांनी म्हणाला, "डाग पडेल... डाग पडेल."

यास्मिनच्या घशातून जो आवाज आला त्याला रडणं म्हणता येणार नाही. कोंबडीची मान मुरगळताना येतो तसला तो आवाज होता. तिने दोन्ही हात कानांवर धरले. आणि मग परागने टाळ्या वाजवल्या. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं, त्याचेही डोळे भरून आले होते. "काय सीन होता यार," तो म्हणाला, "काय सीन!" निषादने नाटक संपल्यावर नटाने वाकावं तशी मान किंचित झुकवली. आणि मी, जिला सगळं ठाऊक होतं, त्या मीही दोन टाळ्या वाजवल्या. वालाच्या पाण्याने हात बुळबुळीत होते, त्यामुळे त्यांचा आवाज ओला आला. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मास्टरांच्या उशाशी बसून तिने ते टाके स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. हाताला लागलेलं खोबरं तिने पदराला पुसलं आणि ती टेबलापाशी आली. निषादला ती एरवी अरे-तुरे करायची.

"निषादराव," ती म्हणाली, "आपण आता निघावं."

"काकू, तुमचा गैरसमज होतोय. हे सगळं खेळाच्या..."

"चपला बाहेर डावीकडे आहेत. आपल्याला सापडतील."

त्याने फोन उचलला, फासे गोळा केले, आडोशाची घडी घातली. सगळं सावकाश, अपमान झालेल्या कलावंतासारखं. पराग गोंधळून त्याच्यामागे गेला. यास्मिनने मोरीत जाऊन तोंड धुतलं, उस्तादचा कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि दारात माझ्याजवळ थांबली. "जिन्यातलं होतं ते," ती म्हणाली. "ते फक्त तुला सांगितलं होतं." ती जिना उतरून गेली.

आईने मला एकही प्रश्न विचारला नाही. तिने पान वाढलं, भात, डाळिंब्या, वर खोबरं, आणि समोर बसली. "जेव," म्हणाली. मी एक घास घेतला. डाळिंबी दातांखाली दबली आणि साल सुटावं तशी जिभेवर सुळकन सरकली, आणि मी मोरीपर्यंतसुद्धा पोहोचले नाही. फरशीवर ओकले. आईने फडकं आणि बादली माझ्यापुढे ठेवली. "तुझं तू पूस," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

बुधवारी पराग कॉलेजात सांगत आला की निषाद तो खेळ नेटवर टाकणार आहे, सगळ्यांना ऐकायला. "तुझं पण नाव येणार त्यात." मी तिथूनच बस पकडून मांजरीला गेले. उसाच्या मळ्यांना लागून नव्या इमारती झाल्या होत्या, त्यातल्या एकीत निषाद एकटा राहायचा. भर दुपार होती. घरून काम करतो म्हणे. दार उघडलं तेव्हा त्याच्या गळ्यात हेडफोन होते. खोलीत शिळ्या नूडल्सचा वास, खिडकीखालून उसाच्या मळीचा आंबूस वास. "बरं झालं आलीस," तो आनंदाने म्हणाला. "ऐक, कसं झालंय सांग." आणि त्याने लावलं. यास्मिनचा तो आवाज. त्याखाली त्याने सारंगी घातली होती.

"आवाज जरा लांबवलाय मी," तो म्हणाला. "मूळ फारच छोटा होता."

मी त्याला म्हटलं, पूस हे. तो समजूत घालायला लागला. यास्मिनला उलट आवडेल, हे तिच्या वडलांचं स्मारकच आहे, कला म्हणजे काय असतं. मी पुन्हा म्हटलं, पूस. तेव्हा तो हसून म्हणाला, "आणि तू कुठे धुतल्या तांदळाची आहेस? मटेरियल तर तूच दिलंस." ते खरं होतं, आणि त्याच्या तोंडून ते ऐकताना मला स्वतःच्या कातडीची शिसारी आली. मी यास्मिनच्या नावाने रडले असते तर त्याच्यावर काही परिणाम झाला नसता, हे मला त्या क्षणी कळलं. म्हणून मी म्हटलं, "फासा चार पडला होता. मी पाहिला. पुण्यातल्या सगळ्या टोळक्यांना सांगते, निषाद फासे खोटे सांगतो."

त्याचा चेहरा उतरला. खरोखर रंग गेला. एका मैत्रिणीचं दुःख त्याने सारंगी लावून लांबवलं होतं, पण फाशाची अब्रू त्याला जिवापलीकडे होती. दोन मिनिटांत त्याने माझ्यासमोर सगळं पुसलं. दुसरीकडे कुठे प्रत ठेवली होती की नाही, मला आजही माहीत नाही. पायऱ्या उतरताना मी कठड्याला हात लावला नाही. त्या इमारतीतलं काहीच हाताला लागू नये असं वाटत होतं.

नाना पेठेतलं दुकान यास्मिन आणि तिची अम्मी चालवत होत्या. मी गेले तेव्हा दुपारचे चार वाजले असतील, अम्मी जेवून आत कलंडल्या होत्या आणि यास्मिन कापायच्या टेबलावर लाल कापड पसरून खडूने रेघा मारत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. फोन, गच्ची, मेसेज, अंगठा, टाळ्या, सारंगी, आणि फासा. तिने रेघ पुरी केली. मग विचारलं, "किती पडला होता?"

"चार."

"पंधरा हवे होते."

"हो."

"म्हणजे लागलाच नव्हता त्याला." तिने खडू खाली ठेवला. पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, आणि काउंटरच्या खणातून स्वतःचे फासे. लाल कापड गोळा करून बाजूला सारलं. "बस," ती म्हणाली. "जनावर तू. इथे उघड्यावर टाकायचा. चार पडलाय, चुकलाय. उस्तादचे सहा प्राण आहेत. पाळी कुणाची?"

"माझी. वैद्यिणीची."

"काय करते ती?"

"औषध देते," मी म्हटलं. तिने कागदावर सहाचे चौदा केले.

आम्ही त्या टेबलावर ती लढाई पुढे खेळलो. तिने परागचाही फासा टाकला. मी एकदाही काही रंगवून सांगितलं नाही, नुसते आकडे. उस्तादचे दोन घाव लागले. जनावराचा एक लागला, पाच प्राण गेले. पुन्हा उस्ताद चुकला. जनावर आता मरायला टेकलं होतं, एक घाव बसला असता तर संपलं असतं, आणि मी मनातल्या मनात कुणाकुणाचा धावा करत होते. जनावराची, म्हणजे माझी, पाळी आली. फासा लाकडावर पडला, कात्रीला आपटून थांबला. अठरा. मी तो झाकावा असं माझ्या हाताला झालं. तिने माझं मनगट धरलं.

"राहू दे. किती लागलं?"

मी दुसरा फासा टाकला. "अकरा."

नऊच उरले होते. उस्ताद पडला. माझी कुपी आता रिकामी होती. तिने नशिबाचे फासे टाकले: सहा, मग चौदा, मग तीन, मग आठ. तीनदा दहाच्या खाली. ती त्या आठाकडे थोडा वेळ बघत राहिली. बाहेर एक बँडवाला बटणं लावायला कोट घेऊन येऊन उभा होता, त्याला तिने हातानेच 'थांबा' म्हटलं.

"गेला," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "आता कुणी मारलं नाही त्याला. आपला आपण गेला." तिने कागद फाडला नाही. खणात ठेवला, मापांच्या वहीखाली. मग लाल कापड पुन्हा पसरलं आणि त्या माणसाला आत बोलावलं. मला म्हणाली, "चहा घेऊन जा. अम्मी उठल्या की करतील."

लोक अशा गोष्टी ऐकून विचारतात, मग मैत्री राहिली का? राहिली. माझ्या लग्नातला शालू तिने शिवलेल्या ब्लाउजवर नेसले. तिच्या मुलींच्या बारशापासून निकाहापर्यंत मी सगळीकडे होते. ईदचा शीरखुर्मा आजही डब्यातून येतो. आम्ही तासन्‌तास बोलतो: भाव, पाऊस, नवे रस्ते, मुलांचे उद्योग. पण त्या दुपारनंतर तिने आपल्या माणसांतलं काहीही मला पुन्हा सांगितलं नाही. तिचे मिया आठ महिने आजारी होते, ते मला त्यांच्या मयतीला कळलं. मागच्या हिवाळ्यात ती स्वतः दवाखान्यात होती. शेजारणीने सांगितलं म्हणून मी धावत गेले. ती उशीला टेकून बसली होती, हाताला सलाईन. "काय गं, काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि हसली. "तुझं सांग. बाहेर थंडी पडली का?"

मी खुर्ची ओढून बसले आणि तिला थंडीचं सांगत राहिले.